आपोआप

पाळकसाहेबांनी त्या रविवारी सोन्याच्या वासराचा पाठ वाचला.
याजक सांगतो, लोकांनी दागिने आणून दिले,
मी ते आगीत टाकले, आणि हे वासरू बाहेर आलं.
मंडळी गंभीर. मला मात्र हसू फुटलं.
एकतीस वर्षं उद्यमनगरात ओतकाम करतोय,
भट्टीतून आपोआप काही येत नाही, साहेब.
साधं पंपाचं झाकण येत नाही.
आधी लाकडाचा पॅटर्न लागतो,
मग वाळू चाळायची, तिची ओल मुठीत दाबून बघायची,
पेटीत ठोकून बसवायची,
रस कुठून शिरेल, वाफ कुठून निघेल, त्याची वाट ठेवायची.
वासराला कान असतील तर कानांचा वेगळा विचार करावा लागतो.
कुणीतरी रात्रभर जागलं होतं त्याच्यासाठी.
कानशीनं त्याची पाठ घासली होती, मायेनं.

हसू ओसरतंय तोवर वर घंटा वाजली.
माझी घंटा.

म्हणजे मीच ओतलेली. चाळीस किलो कांसं,
निम्मं पगारातलं, निम्मं मोडीच्या बाजारात घासाघीस करून,
आईची दोन ताटंही त्याच मुशीत गेली.
पॅटर्न बाबासो सुताराचा.
अक्षरं उलटी कोरावी लागतात, तेव्हा ओतल्यावर सुलटी येतात.
‘देवाच्या गौरवासाठी’, बोटभर.
खाली ‘शांतवन योहान आवळे यांजकडून’, दोन बोटं.
बाबासोनं पटाशी थांबवून विचारलं होतं,
“तुमच्यात मूर्ती नसत्यात म्हणं?”
“नसत्यात,” मी म्हणालो, छाती काढून.
“आन् ह्ये नाव एवढं मोठ्ठं?”
“लांबनं दिसाय पायजे की.”
त्यानं नुसता भुसा फुंकला.

लहानपणी आम्ही शेजाऱ्यांचे देव्हारे मोजायला शिकलो.
आपली भिंत रिकामी, याचाच केवढा तोरा.
माझ्या कपाटात फ्लॅटच्या करारावर शास्त्र ठेवलंय,
कागद उडू नयेत म्हणून.
ते कुणी मोजलं नाही.

सात वर्षं दर रविवारी साडेआठला ती वाजली
आणि मला ऐकू आलं, आवळे, आवळे.
एकदा पोरगं वाजवायला विसरलं
तर उपासना सोडून मी भांडायला उठलो होतो.
देवाचा अपमान झाला, असं म्हणालो होतो.

सोमवारी उद्यमनगर बंद असतं.
ग्राइंडर घेतला, कुणाला न सांगता वर चढलो.
शिडी उजवीकडं टेकली, म्हणून शेवटाकडून सुरुवात.
यांजकडून गेलं. आवळे गेलं.
बापाच्या नावावर हात अडखळला, मग तेही गेलं.
ठिणग्यांनी कबुतरं उडाली.
‘न’ गेला. ‘व’ जाता जाता ध्यानात आलं,
मी मनातल्या मनात साक्ष देतोय:
बंधुभगिनींनो, मी माझं नाव माझ्याच हातानं…
पुढच्या बाकावर सलोमीमावशी डोळे पुसतायत,
पाळकसाहेबांनी माझा हात धरलाय,
आणि त्या सगळ्यांच्या मधोमध
चार पायांवर डळमळत,
अजून ओलं,
नवं वासरू.

ग्राइंडर बंद केला.
किती वेळ शिडीवर तसाच उभा होतो, ठाऊक नाही.
खाली कुणीतरी सायकलवरून पाव विकत गेलं.
काय प्रार्थना करावी सुचेना.
जी सुचली ती ऐकायलाही मीच पुढं बसलेला.

उतरलो. जे उरलं ते उरलं.
आवाज थोडा बदललाय, माझ्याच कानाला कळतो.
घंटेवर आता ती बोटभर ओळ आहे,
तिच्याखाली खरवडलेला पट्टा,
आणि पट्ट्याआधी एकच शब्द.
दोरी ओढणारं पोरगं, अनुग्रह त्याचं नाव,
परवा मान वर करून विचारत होतं,
“काका, घंटेवर ‘शांत’ कशाला लिवलंय?”
मी म्हणालो,
“आलं असंल आपोआप.”